घरीच झालेला मृत्यू : कारण शोधायचं कसं?

प्रश्न : आमच्याकडे बहुतेक माणसं घरीच जातात. नोंदवहीत ‘वार्धक्य’, ‘ताप’, नाहीतर ‘हृदय बंद पडले’. पाच-सहा महिन्यांनी घरच्यांना विचारून खरं कारण कळतं का?
– एक आशा कार्यकर्ती, नंदुरबार जिल्हा

उत्तर : पुष्कळदा कळतं. ‘हृदय बंद पडले’ हे मात्र कारणच नव्हे. मरणाऱ्या प्रत्येकाचं ते पडतंच. २०२० साली देशात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी साधारण २२.५ टक्के मृत्यूंचंच कारण डॉक्टरांनी प्रमाणित केलेलं होतं. बाकीच्यांसाठी ‘वर्बल ऑटॉप्सी’ वापरतात, म्हणजे शेवटच्या आजारात काय काय दिसलं ते घरच्यांकडून क्रमाने ऐकून कारण ठरवणं. माता मृत्यू अन्वेषणाचा फॉर्म तुम्ही भरला असेल, तर हे काम तुम्हाला नवं नाही.

पहिली चूक होते ती माणूस निवडताना. ओसरीवर बसलेले कर्ते पुरुष बोलायला पुढे येतात, पण रात्री उशाशी दुसरंच कुणी बसलेलं असतं. त्या व्यक्तीला गाठा. बाळ गेलं असेल तर आईला. तरुण सून गेली असेल तर सासूबरोबर तिच्या बहिणीशी किंवा मैत्रिणीशीही वेगळं बोला; पाळी चुकली होती हे सासरी ठाऊक असतंच असं नाही. तेरावं होण्याआधी जाऊ नका, आणि वर्ष उलटू देऊ नका.

आधी त्यांना मोकळेपणी सांगू द्या आणि त्यांच्याच बोलीत उतरवा. प्रश्नावली नंतर. ते ‘टायफॉइड झाला होता’ म्हणाले तर तेही लिहा, पण तिथे थांबू नका. ताप किती दिवस? रोज की दिवसाआड? हुडहुडी भरायची? धाप आधी की पायांवर सूज आधी? दिवस आठवत नसतील तर पोळा, दिवाळी, आठवड्याचा बाजार असा धागा धरा. औषधांच्या पट्ट्या, केसपेपर, एक्स-रे बघायला मागा. बहुतेक घरांत ते एखाद्या पिशवीत सापडतात.

नवजात बाळाच्या बाबतीत एक प्रश्न चुकवून चालत नाही : जन्मल्यावर रडलं, हललं किंवा श्वास घेतला का? यातलं काहीही झालं असेल तर तो मृतजन्म नव्हे. कातडी सोलवटलेली होती का, हेही विचारा. तसं असेल तर बाळ बहुधा पोटातच आधी गेलेलं असतं. मोठ्या बाळाचं पोट उडत होतं का, श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत होता का, यावरून न्यूमोनिया ओळखता येतो. अशा लक्षणांवरून बालमृत्यूचं कारण ठरवण्याचे निकष गडचिरोलीत ‘सर्च’ या आरोग्यसंस्थेच्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९९२ मध्ये मांडले होते.

सर्वांत जास्त हुकतो तो मण्यारचा दंश. रात्री जमिनीवर झोपलेला माणूस, वेदना नाही, सूज नाही. पहाटे पोटात कळा, पापण्या उघडत नाहीत, बोलणं अडखळतं, मग श्वास थांबतो. घरचे म्हणतात ‘अटॅक’ नाहीतर ‘लकवा’. म्हणून पावसाळ्यातल्या अशा मृत्यूत ‘कुठे झोपले होते?’ हे विचाराच. घोणसचं उलट : पाय टम्म सुजतो, हिरड्यांतून रक्त येतं, कधी काही दिवसांनी लघवी बंद होते आणि दाखल्यावर ‘किडनी फेल’ लागतं. घरोघरी विचारूनच २००५ साली देशात सर्पदंशाने सुमारे ४६ हजार मृत्यू झाल्याचा अंदाज निघाला. सरकारी रुग्णालयांच्या नोंदी त्याच्या जवळपासही नव्हत्या.

प्रश्न : पण कारण ठरवतं कोण? आणि ते चुकत नाही का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : माहिती घेणारा कारण ठरवत नाही. भारताच्या महानिबंधक कार्यालयाच्या नमुना नोंदणी पाहणीवर (निवडक गावं-वस्त्यांतल्या जन्म-मृत्यूंची नोंद) आधारलेल्या ‘मिलियन डेथ स्टडी’त प्रत्येक फॉर्म दोन डॉक्टरांनी वेगवेगळा वाचला, मतं जुळली नाहीत तर त्यांना फेरविचार करायला सांगितलं, आणि तरीही न जुळल्यास तिसऱ्या वरिष्ठाने निर्णय दिला. आता इंटर-व्हीएसारखी संगणकीय पद्धतही आहे. ती झटपट चालते, पण तिला जे ‘हो-नाही’त मिळालं तेवढंच कळतं.

चुकतं तर नक्कीच. अपघात, बुडणं, भाजणं, बाळंतपणातला रक्तस्राव हे बरेचसे अचूक येतात. नुसता ताप मात्र अवघड. याच अभ्यासातून २०१० मध्ये मलेरियाचे वर्षाला सुमारे २ लाख ५ हजार मृत्यू असा आकडा आला, तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेचा भारतासाठीचा अंदाज १५ हजारांचा होता. संघटनेचा आक्षेप असा की मलेरियाचा ताप आणि दुसरा ताप घरच्यांच्या वर्णनातून वेगळा काढता येत नाही. आक्षेप रास्त आहे, पण दवाखान्यापर्यंत न पोचलेले रुग्ण १५ हजारांत कसे मोजले गेले असतील, हा प्रश्नही तितकाच रास्त. सत्तरीपुढच्यांत एकाच वेळी तीन-चार आजार असतात. तिथे कारणापेक्षा गटावर (हृदय, फुप्फुस, कर्करोग) समाधान मानावं.

प्रश्न : विम्यासाठी हा अहवाल चालतो का?
– एक वाचक, यवतमाळ

उत्तर : नाही. तो गावाचं, जिल्ह्याचं चित्र कळावं म्हणून असतो. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करा आणि शेवटच्या आजारात उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून नमुना ४-अ, म्हणजे मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र, घ्या. त्याला पैसे लागत नाहीत. सर्पदंश, विषबाधा किंवा अपघाताचा संशय असेल तर अंत्यविधीआधी पोलिसांना कळवून शवविच्छेदन करून घ्यावं लागतं.