निवृत्तीची तारीख कशी ठरवावी? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : चाकणच्या एका कारखान्यात मेंटेनन्स विभागात आहे. एप्रिल १९९६ मध्ये रुजू झालो, ऑगस्ट २०२६ मध्ये ५८ पूर्ण होतील. बेसिक आणि डीए मिळून ४२,००० रुपये. पीएफची पेन्शन साडेचार हजारांच्या आसपास बसते असं कळलं. कंपनी म्हणते, निवृत्त व्हा आणि दोन वर्षं ‘कन्सल्टंट’ म्हणून या, महिना ४५,०००. पेन्शन ६० पर्यंत पुढे ढकलली तर वाढते असंही ऐकलं. काय करू?

आधी पेन्शनचं पाहू, कारण तिथे ऐकीव माहितीवर बरेच जण फसतात. पेन्शन ५८ नंतर जास्तीत जास्त ६० पर्यंत पुढे ढकलता येते आणि दर वर्षाला ४ टक्के वाढ मिळते. ऐकायला बरं वाटतं, पण हिशेब मांडा. दोन वर्षं ४,५०० सोडले म्हणजे १,०८,००० रुपये हातचे गेले. त्या बदल्यात पेन्शन वाढते महिन्याला सुमारे ३६७ रुपयांनी. सोडलेली रक्कम भरून यायला साडेचोवीस वर्षं लागतील, म्हणजे तुम्ही ८४ ओलांडलेली असाल. व्याज यात धरलेलंच नाही.

नोकरी चालू ठेवून पेन्शन फंडात वर्गणीही चालू ठेवली, तर ती दोन वर्षं सेवेत धरली जातात. मग वाढ साधारण ८३० रुपयांची होते. पण कंपनीच्या हिश्शातले महिना १,२५० रुपये पीएफऐवजी पेन्शन फंडात जातात, दोन वर्षांचे ३०,०००. सगळं जमेस धरलं तरी भरपाई व्हायला तुमची चौऱ्याहत्तरी येते. तुमच्या जागी कोणीही असो, आमचा सल्ला एकच : ५८ पूर्ण झाले की फॉर्म १०-डी भरा आणि पेन्शन सुरू करा. पगार चालू असला तरी ही पेन्शन थांबत नाही. पुढे पगारदार म्हणून राहिलात आणि पीएफ पूर्ण काढून घेतला नसेल, तर कंपनीचा सगळा हिस्सा पीएफमध्येच जमा होतो.

आता खरा प्रश्न ‘कन्सल्टंट’ या शब्दाचा. सही करण्याआधी कंपनीला एकच विचारा : ही सेवेची मुदतवाढ आहे की नवी नेमणूक? मुदतवाढ असेल तर ग्रॅच्युइटी दोन वर्षांनी, तेव्हाच्या पगारावर आणि ३२ वर्षांवर निघते. कन्सल्टंट झालात तर ग्रॅच्युइटी आज निघते आणि पुढच्या दोन वर्षांची काहीच मिळत नाही. पीएफ नाही, कंपनीचा मेडिक्लेम नाही, भरपगारी रजा नाही. मेंटेनन्सच्या माणसासाठी सर्वांत महत्त्वाचं म्हणजे मशिनवर काही इजा झाली तर कामगार म्हणून भरपाईचा तुमचा हक्क वादात पडतो. ४५,००० मधून हे सगळं वजा करून पाहा. आकडा पगारापेक्षा मोठा दिसतो, हातात कमी पडतो.

दोन वर्षांची मुदतवाढ द्यायला कंपनी तयार नसेल, तर निदान दोन महिन्यांची मागा. ग्रॅच्युइटीचं सूत्र असं : शेवटचा बेसिक अधिक डीए, गुणिले १५, भागिले २६, गुणिले सेवेची वर्षं. सहा महिन्यांहून जास्त असलेला तुकडा पूर्ण वर्ष धरला जातो. ऑगस्टअखेर तुमची ३० वर्षं ५ महिने होतात, म्हणजे ३० च धरली जातील. ऑक्टोबरअखेरपर्यंत सलग राहिलात तर ३१. फरक सुमारे २४,२३० रुपयांचा. मधे एक दिवसाचाही खंड दाखवू देऊ नका आणि मुदतवाढीचं पत्र ५८ पूर्ण होण्याआधी हातात घ्या. तोंडी ‘बघू’वर विसंबून राहू नका.

तरीही कन्सल्टंट व्हायचंच ठरलं तर कराचं एक लक्षात ठेवा. साठीनंतर आगाऊ कर भरावा लागत नाही, असं सगळे सांगतात. ती सवलत धंदा-व्यवसायाचं उत्पन्न नसलेल्या ज्येष्ठांना आहे, तुम्हाला लागू होणार नाही. तांत्रिक सल्लागाराला वर्षभरात मिळालेल्या एकूण फीच्या निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवण्याची सोय आहे. ती घेतली तर आगाऊ कर एकाच हप्त्यात, १५ मार्चपर्यंत भरायचा. वर्षाची एकूण फी २० लाखांच्या आत असल्याने जीएसटी नोंदणीची गरज नाही.

कंपनीचा मेडिक्लेम संपण्याआधी दीड-दोन महिने त्याच विमा कंपनीला वैयक्तिक पॉलिसीत बदलून देण्यासाठी लेखी अर्ज करा. आधीपासून असलेल्या आजारांसाठी नव्या पॉलिसीत तीन वर्षांपर्यंत थांबावं लागतं. बदलून घेतली तर गटविम्यात काढलेली वर्षं मोजली जातात. हा अर्ज निवृत्तीनंतर करायचा म्हणून ठेवणारेच अडकतात. साखर, रक्तदाब असेल तर फॉर्मवर लपवू नका. दावा फेटाळला जाण्याचं हे एक मोठं कारण असतं.

आणि पैशांच्या पलीकडचं. मेंटेनन्सचं काम म्हणजे शिडी, रात्रपाळी, ब्रेकडाऊनला मध्यरात्रीचा फोन. राहायचं असेल तर पहिली पाळी आणि उंचीवरचं काम नाही, या दोन अटी पत्रात लिहून घ्या. त्या मान्य नसतील तर ऑक्टोबरअखेर बाहेर पडणं आम्हाला जास्त शहाणपणाचं वाटतं.

प्रश्न : मी अनुदानित शाळेत शिक्षिका आहे. वय ५४, सेवा २८ वर्षं, नेमणूक २००५ च्या आधीची. सासूबाई अंथरुणाला खिळल्या आहेत. स्वेच्छानिवृत्ती घेतली तर पेन्शन कमी होईल का?

तुमची जुनी पेन्शन आहे, वीस वर्षं कधीच झाली आहेत, त्यामुळे स्वेच्छानिवृत्तीचा हक्क आहे. नोटीस तीन महिन्यांची. पेन्शन शेवटच्या मूळ वेतनाच्या निम्मी असते. म्हणजे ‘कापली’ जात नाही, पण पुढच्या चार वेतनवाढी मिळत नाहीत. दर वेळी ३ टक्के धरले तर ५८ ला मिळाली असती त्यापेक्षा सुमारे ११ टक्के कमी पेन्शन आयुष्यभर. शिवाय चार वर्षांचा पगार आणि पेन्शन यांतला फरक. तो मात्र मोठा आहे, कागदावर मांडून घरात सगळ्यांसमोर ठेवा.

घाईने अर्ज देऊ नका. आधी खात्यातली अर्जित आणि अर्धवेतनी रजा किती शिल्लक आहे ते सेवापुस्तकात पाहा आणि ती वापरा. दिलेली नोटीस मागे घ्यायची झाली तर नियुक्ती अधिकाऱ्याची मंजुरी लागते, आणि तीही निवृत्तीच्या तारखेआधी. एक दिवसभराची बाई ठेवण्याचा खर्च तुमच्या पगारातून भागत असेल, तर चार वर्षं काढण्याकडे आमचा कल आहे. सेवा घरातल्या सुनेनेच नोकरी सोडून करायची, हे गृहीत धरू नका. घरातल्या पुरुषांची रजाही हिशेबात घ्या.

प्रश्न : वडील ६८ वर्षांचे, संगमनेरला हार्डवेअरचं दुकान. गुडघे दुखतात, तरी रोज सकाळी शटर उघडतातच. आम्ही दोघं भाऊ पुण्यात. दुकान बंद करा म्हटलं की चिडतात.

‘बंद करा’ म्हणूच नका. आधी दुकान घर चालवतं की घर दुकान, ते पाहा. वर्षाच्या नफ्यातून, जागा स्वतःची असेल तर तिचं मिळू शकलं असतं ते भाडं वजा करा. मालात अडकलेल्या रकमेवरचं बँकेचं व्याजही वजा करा. उरलेला आकडा शून्याच्या खाली सलग दोन वर्षं गेला असेल, तर वडील स्वतःच समजतील. वर असेल तर काम हलकं करा : माळ्यावरचा माल खाली आणा, सिमेंट आणि पाइप ठेवणं थांबवा, खिळे-कुलपं-रंग एवढंच ठेवा, दुपारनंतर दुकान बंद. शिडीवर चढायला पोरगा ठेवा.

आणि कधीतरी बंद करायचं ठरलंच, तर उधारीपासून सुरुवात करा. साधारण तीन वर्षांनी उधारीची वसुली कायद्याच्या मुदतीबाहेर जाते. म्हणून जुन्या वह्यांतल्या नोंदींवर गिऱ्हाइकाची तारखेसह सही घ्या, पण मुदत संपायच्या आत. नवीन माल सहा महिने आधी थांबवा. जीएसटी रद्द करण्याचा अर्ज आरईजी-१६ धंदा थांबल्यापासून ३० दिवसांत, आणि अंतिम विवरणपत्र जीएसटीआर-१० रद्द झाल्यापासून तीन महिन्यांत. शिल्लक मालावर घेतलेली करवजावट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) परत भरावी लागते, म्हणून माल संपवून मगच अर्ज. शटर पाडून विवरणपत्रं भरणं तसंच सोडून देणारे विलंब शुल्काच्या नोटिसांनी हैराण होतात.

प्रश्न : ईएसआयमध्ये (कामगार विमा योजनेत) होतो, ६० ला निवृत्त झालो. आता दवाखाना बंद झाला का?

नाही. निवृत्तीच्या वयापर्यंत काम केलं असेल आणि किमान पाच वर्षं विमाधारक असाल, तर वर्षाला १२० रुपये भरून तुम्हाला आणि पत्नीला उपचार चालू राहतात. निवृत्तीचा दाखला आणि जुनं विमा कार्ड घेऊन शाखा कार्यालयात जा. दर वर्षी नूतनीकरण करायला विसरू नका.