छापत नाहीत? वही भर

प्रिय पोरी,

"संपादक छापणारच नसतील, तर कोठडीतल्या मृत्यूची माहिती गोळा तरी कशाला करायची?" कार्यशाळा संपल्यावर जिन्यात तू हे विचारलंस. चालता चालता उत्तर देण्यासारखा प्रश्न नव्हता, म्हणून हे पत्र.

छापणं संपादकाच्या हातात. नोंद तुझ्या हातात. ती कर.

२६ जून १९७५ ला आणीबाणीची सेन्सॉरशिप आली तेव्हा मी नवखा उपसंपादक होतो. मजकूर सेन्सॉरकडे जायचा, काटछाट होऊन परत यायचा. काही पत्रांनी निषेध म्हणून अग्रलेखाची जागा कोरी सोडली, तर पुढे कोरी जागा सोडायलाही मनाई झाली. कापलेलं मी वहीत उतरवायचो: कुणाला उचललं, कुठून, किती वाजता, कुणादेखत. मित्र तुरुंगात गेले, मी नोकरीत राहिलो. भेकड म्हणणारे आजही आहेत. म्हणोत बापडे! सगळेच आत गेले असते तर बाहेरचं कोण लिहून ठेवणार होतं?

कालिकतच्या राजनचं प्रकरण वाच. अभियांत्रिकीचा विद्यार्थी. १ मार्च १९७६ ला पोलिसांनी उचलला, कक्कयमच्या पोलीस छावणीत मेला. आणीबाणी उठताच वडील ईचर वारियर केरळ उच्च न्यायालयात गेले, तेव्हा त्याला पकडलंच नव्हतं असं सरकारने शपथेवर सांगितलं. ते खोटं पाडलं कुणी? पोलिसांनी त्याला नेलं हे सांगणाऱ्या कॉलेजातल्या माणसांनी आणि छावणीत त्याला पाहिलेल्यांनी. एप्रिल १९७७ मध्ये मुख्यमंत्री करुणाकरन यांना राजीनामा द्यावा लागला. म्हणून म्हणतो, नोंद कर.

आणि नीट कर. 'अमानुष', 'काळीज पिळवटणारं' हे सगळं चुलीत घाल. ताब्यात घेतल्याची वेळ घरच्यांकडून घे, स्टेशन डायरीतली, म्हणजे ठाण्याच्या रोजच्या नोंदवहीतली, वकिलाकरवी मिळव. दोन्हींत तफावत निघाली की बातमी तिथेच आहे. चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे नेलं का? अटकेच्या कागदावर साक्षीदाराची सही हवी, हे सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू खटल्यात १९९६ लाच सांगितलंय. ती आहे का? शवविच्छेदनाचं चित्रीकरण झालं का? पंचनाम्यावरचे पंच कोण? त्याच ठाण्याच्या दर प्रकरणात तीच दोन नावं दिसतात का, तेही बघ. हे असलं खोदकाम मला फार आवडतं, तुलाही आवडेल.

साक्षीदाराचं नाव मात्र त्याच वहीत लिहिलंस तर कान धरीन. वहीत नुसता क्रमांक, नावांची यादी दुसऱ्या कुणाच्या घरी. फोनमध्ये तर नकोच, जप्ती आली की आधी फोन जातो. तू आज ना उद्या सुटशील गं, पण त्या माणसाला त्याच गल्लीत राहायचं असतं.

कोठडीत मेलेल्या त्या मुलाच्या आईशी तू तासभर बोललीस म्हणालीस. बरं केलंस. पण त्याला घरातून नेलं तेव्हा किती वाजले होते, हे मी विचारलं तर गप्प झालीस. सोमवारी वही घेऊन ये. त्यात ती वेळ नसेल तर आधी आईकडे परत जा, मग माझ्याकडे.

तुझा,
सर