मालासादाचा पहिला घाणा
पोर्तुगालच्या अझोरिस बेटांवर लेंट या ख्रिस्ती उपवासकाळापूर्वी, कार्निव्हलच्या दिवसांत तळली जाणारी मालासादा, म्हणजे डोनटसारखा गोड पदार्थ, आपण घरी करणार आहात, याचा मनापासून आनंद वाटला. मैदा, अंडी, दूध, लोणी आणि यीस्ट यांचे हे पीठ बोटांना चिकटण्याइतके सैल असावे लागते. नवशिके नेमके इथेच घाबरून वरून मैदा घालत राहतात आणि मालासादा दडस होते. मैद्याऐवजी हातांना थोडे दूध लावावे. पीठ दुप्पट फुगेपर्यंत थांबावे, मग घड्याळ काहीही सांगो. गोळा मधोमध पातळ ताणून कडा जाडसर ठेवावी, तेल सुमारे १७५ अंश सेल्सिअसवर असावे, कारण अतितप्त तेलात बाहेरून करपून आत पीठ कच्चे राहते. साखरेत गरम असतानाच घोळवावे. सारणाचा विचार तूर्त करू नये.