मिलिंगचा (जुना रस्ता मशीनने खरवडून निघालेला) डांबरी माल सिमेंट टाकून बेसला, म्हणजे डांबरी थराखालच्या थराला, वापरायचा आहे. 100 मीटर लांब, 3.75 मीटर रुंद रस्त्याला किती गोण्या लागतील?

150 मिमी थर धरला तर साधारण 90 गोण्या. हिशेब असा: दाबलेला थर 56.25 घनमीटर, कोरडी घनता समजा घनमीटरला 2 टन, म्हणजे 112.5 टन माल. त्याच्या 4 टक्के सिमेंट म्हणजे 4.5 टन, 50 किलोच्या 90 गोण्या. एक गोणी सुमारे 4.2 चौरस मीटरवर पसरेल. पण हे 4 टक्के प्रयोगशाळेने ठरवायचे, मी नाही.

नुसता जुना माल घेऊ नका. दाण्यांवर डांबराचा लेप असल्याने खडी खडीत नीट अडकत नाही आणि सिमेंटही खडीऐवजी डांबराला चिकटतं. शिवाय बारीक कण खडीला चिकटून बसलेले, त्यामुळे पोकळ्या भरायला सुटा बारीक माल अपुरा पडतो. 60 टक्के जुना माल, 40 टक्के नवी खडी आणि क्रशरची कच (बारीक चुरा), इथून सुरुवात करा. कच किती ते चाळणी सांगेल. नमुना 105 अंशांवर वाळवला तर डांबर मऊ होऊन गोळे बनतात आणि माल आहे त्याहून जाड दिसतो. 60 अंशांच्या खालीच वाळवा.

मग 3, 4, 5 टक्के सिमेंटचे 150 मिमीचे क्यूब पाडून सातव्या दिवशी फोडा. आयआरसी 37 (इंडियन रोड्स काँग्रेसचे मार्गदर्शक, 2018) प्रमाणे बेसला 4.5 ते 7 एमपीए (दाबताना फुटण्याची ताकद) हवे, सबबेसला, म्हणजे बेसखालच्या थराला, 1.5 ते 3. जुना माल जास्त असेल तर सबबेसची ताकद सहज मिळते, बेसची झगडून. ती गाठायला सिमेंट वाढवत गेलात की थर ठिसूळ होतो, आकसतो, आणि भेगा वरच्या डांबरात उमटतात. म्हणून बेसवर 100 मिमी डब्ल्यूएमएम (पाणी घालून मिसळलेली, दाबलेली खडी) टाकून मगच डांबरी थर घ्या. नाहीतर 1 टक्का सिमेंट आणि 3 टक्क्यांच्या आसपास स्लो सेटिंग इमल्शन (पाण्यात मिसळलेलं, सावकाश धरणारं डांबर). खर्च जास्त, पण थर लवचिक राहतो.

पाण्यात सगळ्यात जास्त गडबड होते. गरज 6 टक्के आणि ढिगात आधीच 2 टक्के ओल असेल, तर टँकरमधून 4,500 लिटरच घ्यायचे. पाऊस पडून गेला की ओल पुन्हा मोजा.

सिमेंट मिसळल्यापासून दोन तासांत रोलिंग संपवा. उशिरा दाबलं तर धरू लागलेले बंध तुटतात. ट्रॅक्टरच्या रोटाव्हेटरने पूर्ण 150 मिमी ढवळलं जाईल या भरवशावर राहू नका. तळाला सिमेंट पोचतच नाही, खड्डा घेऊन बघा. लेव्हल कमी भरली म्हणून वरून पातळ पापुद्रा टाकू नका, तो सुटतो. थोडं उंच ठेवून ग्रेडरने खरवडा. मग ओलं बारदान, सात दिवस, आणि तोवर डंपर बंद.