कमानपाट्याच्या सुरीला पाणी कसं द्यायचं? एक मऊ राहिली, एकीचे टवके उडाले

तुम्ही लिहिलंय की एकाच ट्रकच्या कमानपाट्यातून (चाकाच्या वरच्या स्प्रिंगची पोलादी पट्टी) दोन सुऱ्या काढल्या, दोन्ही भट्टीत लाल करून तेलात बुडवल्या, तरी एकीची धार मुडपते नि दुसरीचे सुरमईच्या काट्यावर टवके उडाले, तर तेलात नक्की किती वेळ ठेवायची. तेलातल्या वेळेवर काही नाही हो. पाणी देणं म्हणजे तापलेलं पातं एकदम विझवून कडक करणं. तेलात कडकपणा पूर्ण आणायचा, मग टेम्परिंग करून, म्हणजे कमी आचेवर परत तापवून, हवा तेवढा उतरवायचा. बरेच जण तेलातच अंदाजाने मधला कडकपणा गाठायला बघतात आणि तिथेच फसतात.

मऊ राहिली ती बहुतेक पुरेशी तापलीच नव्हती. पाट्याचं स्टील आपल्याकडे बहुधा ईएन ४५ (स्प्रिंगच्या पोलादाचा एक प्रकार) किंवा त्याच्या जवळपासचं असतं, कार्बन साधारण ०.५५ ते ०.६ टक्के, आणि ते ८३०-८५० डिग्रीपर्यंत जायला लागतं. जुन्या स्पीकरमधलं चुंबक तारेला बांधून ठेवा, ७७० च्या आसपास पातं त्याला चिकटायचं थांबतं, तिथून रंग आणखी एक छटा उजळू द्या, दोनेक मिनिटं पातं सगळीकडे एकसारखं ठेवा आणि मग लगेच तेलात, मध्ये फोटो वगैरे काढत बसू नका. हे सगळं सावलीत, शक्यतो संध्याकाळी करा, कारण आपल्या उन्हात लालबुंद पातं पण काळपट दिसतं आणि माणूस भाता मारतच राहतो. करवंटीचा कोळसा असेल तर अजून जपून, हवा दिली की तो भलताच पेटतो. तुमची दुसरी सुरी अशीच जास्त तापली असणार, नाहीतर टेम्पर न करताच वापरायला काढली. जास्त तापलं की पोलादाचा कण मोठा होतो नि ते ठिसूळ होतं. पाट्याचा एक फालतू तुकडा तसाच तापवून तेलात विझवा आणि फडक्यात गुंडाळून व्हाइसमध्ये मोडून बघा, चष्मा लावून हं, मोडलेली बाजू राखाडी नि मऊसर दिसली तर बरोबर, जाड रव्यासारखी चमकली तर तापमान जास्त झालंय.

पाण्यात बुडवू नका, या स्टीलला तडा जायची भीती असते. गावचा लोहार कोयत्याला पाणी देतो तेव्हा फक्त धारेकडची बाजू बुडवतो, बाहेर काढून घासतो आणि पाठीत उरलेली धग धारेकडे येते तसे पिवळा, तपकिरी, जांभळा असे रंग चढताना बघत बसतो, हवा तो रंग आला की परत बुडवतो. ती नजर यायला वर्षं जातात, आपण तेल आणि ओव्हन वापरावं. जळकं इंजिन ऑइल तर नकोच, धूर वाईट आणि त्याच सुरीने मासे कापायचेत. साधं खाद्यतेल चालतं, खोबरेल पण चालतं, फक्त ते २४-२५ डिग्रीच्या खाली थिजतं, तसंही कुठलंही तेल ५०-६० डिग्रीपर्यंत गरम करूनच वापरायचं. पातं टोकाकडून सरळ आत घाला आणि वरखाली हलवा, आडवं हलवलं की वाकतं. डबा पत्र्याचा, झाकण हाताशी, आणि तेलात पाण्याचा थेंब नको. पावसाळ्यात गळक्या पत्र्याखाली हा उद्योग अजिबात करू नका.

बाहेर काढल्यावर धारेवर कानस फिरवा. ती घसरली पाहिजे, चावली नाही पाहिजे, तरच पातं कडक झालंय. चावली तर आधी वरची साल थोडी घासून परत बघा, भट्टीत वरच्या थरातला कार्बन जळून जातो आणि खालचं कडक असूनही वरून मऊ लागतं.

मग त्याच दिवशी टेम्परिंग, रात्रभर तसं ठेवू नका. पातं घासून चकचकीत करा आणि ओटीजीमध्ये (घरचा छोटा विजेचा ओव्हन) २०० डिग्रीला एक तास, थंड करून परत एक तास. ओटीजीच्या बटणावर विश्वास ठेवू नका, आत ओव्हनचा थर्मामीटर ठेवा नि पातं वाळूच्या ट्रेवर. फिका पिवळा रंग आला की साधारण ५८ रॉकवेलच्या (कडकपणाचं माप) आसपास बसतं, मासे-भाजीच्या सुरीला छान. नारळ सोलायचा, झावळ्या तोडायचा कोयता असेल तर एवढं कडक ठेवूच नका, जांभळा-निळा येईपर्यंत न्या.

शेवटी धार लावून पितळेच्या कांबीवर हलकेच दाबून बघा. धार वाकून परत सरळ झाली तर जमलं, वाकलेलीच राहिली तर मऊ, तुटली तर अजून १०-१५ डिग्री वाढवून परत टेम्पर करा.

तुमची मऊ सुरी परत तापवून वाचेल. टवकेवाली आधी चुंबक सुटेपर्यंत तापवून हवेत थंड करा, असं तीनदा, मग पुन्हा सगळं पहिल्यापासून. पण पाणी देताना धार नाण्याएवढी जाड हवी, ती आत्ताच त्याहून पातळ असेल तर तेवढी घासून मागे घ्या.