हुकूमनामा होईपर्यंतचे दिवस

"ताई, तो म्हणतो, एक ईमेल टाकला की तुझा व्हिसा रद्द. उद्या विमानात बसवतील तुला."

न्यू जर्सीतून व्हिडिओ कॉलवर ती बोलत होती. मूळची सांगलीकडची, बी.कॉम. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) नवरा एच-१बीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, ती एच-४वर, म्हणजे त्याची बायको म्हणून मिळालेल्या व्हिसावर, चार वर्षांची मुलगी तिथेच जन्मलेली. नवऱ्याने घटस्फोटाचा दावा लावला होता. कोर्टाची कागदं घरी येऊन वीस दिवस झाले होते आणि तिने पाकीट न फोडताच कपड्यांच्या घडीखाली ठेवून दिलं होतं.

"घटस्फोट झाला तर देश सोडावा लागेल का?" हा प्रश्न मला नेहमी येतो. पण त्या दिवशी मला जास्त काळजी त्या पाकिटाची वाटली. न्यू जर्सीत दाव्याला उत्तर द्यायला ३५ दिवस मिळतात. उत्तर गेलं नाही, तर तिचं म्हणणं न ऐकताच निकाल लागू शकतो. आणि तिचा एच-४ संपणार होता तो नेमका त्या निकालाने. ज्याची भीती, तेच लपवलेलं पाकीट जवळ आणत होतं.

मी तिला तेवढंच समजावलं. नवऱ्याच्या ईमेलने एच-४ संपत नाही. वेगळं राहायला लागल्याने, दावा लागल्यानेही संपत नाही. तो संपतो घटस्फोटाचा अंतिम हुकूमनामा होतो त्या दिवशी, आणि त्यानंतर नोकरी गेलेल्या एच-१बीवाल्याला मिळते तशी ६० दिवसांची सवलत नसते. म्हणजे जे काही करायचं ते आधी.

ती बराच वेळ रडली. मी रडू दिलं. मग ती उठली, पाकीट आणलं आणि माझ्यासमोर फोडलं.

"मुलगी अमेरिकन आहे, तिच्या जिवावर मला राहता येईल ना?" नाही. मुलाला २१ वर्षं पूर्ण झाल्याशिवाय आईसाठी अर्ज करता येत नाही. उलट मुलीला घेऊन गुपचूप भारतात निघून यायचा विचार तिच्या मनात होता, तो मी लगेच थांबवला. बापाच्या संमतीशिवाय मूल देशाबाहेर नेलं, तर ताब्याचा खटला आईवरच उलटतो.

मी वकील नाही. तिला दोन वकील गाठायला सांगितले, एक कौटुंबिक कोर्टाचा, एक इमिग्रेशनचा, आणि दोघांना एकमेकांशी बोलायला लावायचं. हे फार महत्त्वाचं आहे. घटस्फोटाचा वकील तारीख लवकर मिळाली म्हणून खूश होतो, आणि तीच तारीख बाईला महागात पडते. कागदं नवऱ्याच्या कपाटात होती. पण आय-९४, म्हणजे अमेरिकेत आल्याची आणि कधीपर्यंत राहता येईल याची सरकारी नोंद, तिने स्वतःच पासपोर्टच्या नंबरावर ऑनलाइन काढली. त्या दिवशी पहिल्यांदा तिचा आवाज सुटा झाला.

ग्रीन कार्ड असलेल्यांची गोष्ट वेगळी. दहा वर्षांचं कार्ड हातात असेल, तर घटस्फोटाने ते सहसा जात नाही. अमेरिकन नागरिकाशी लग्न करून दोन वर्षांचं कार्ड मिळालं असेल, तर ते कायम करून घ्यायचा आय-७५१ अर्ज घटस्फोटानंतर एकटीने करता येतो, लग्न खऱ्या मनाने केलं होतं याचे पुरावे जोडून. जोडखातं, भाडेकरार, फोटो, सगळं जपून ठेवा. आणि नवरा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असून छळ करत असेल, तर त्याला कळू न देता स्वतःचा अर्ज करायची सोय कायद्यात आहे.

हिच्या बाबतीत वकिलांनी स्टुडंट व्हिसाचा मार्ग धरला. भावाने सांगलीहून बँकेची कागदं पाठवली, कॉलेजात अकाउंटिंगला प्रवेश मिळाला, हुकूमनाम्याआधी अर्ज मंजूर झाला. बाहेर नोकरी करता येत नाही, पैशांची ओढाताण आहे. मुलगी आठवड्याचे चार दिवस तिच्याकडे असते. मागच्या कॉलला तीच मध्ये आली आणि मला विचारलं, "तू आईची कोण?"