बुडापेस्टहून हंगेरीतल्याच टोकाय या वाइनच्या गावाला एका दिवसात जाऊन यावं का? आणि तिथली सडक्या द्राक्षांची वाइन एवढी महाग का, की नुसताच गाजावाजा?

जा, पण टोकायपेक्षा शेजारच्या माद गावाला जास्त वेळ द्या. बुडापेस्टहून सेरेंचपर्यंत रेल्वेनं दोन-अडीच तास, तिथून छोटी गाडी. टोकायला नदीकाठ आणि तळघरं छान आहेत, पण गर्दी असते. या भागाचा इतिहास मादच्या गल्ल्यांत जास्त दिसतो.

आता ‘सडक्या’बद्दल. मी निफाडचा, घरच्या द्राक्षबागेत वाढलेला. नोकरीसाठी हंगेरीत होतो तेव्हा ऑक्टोबरच्या शेवटी मादच्या एका मळ्यात परवानगी काढून गेलो. साठी ओलांडलेली एक बाई घड हातात धरून त्यातले सुकलेले मणी एकेक वेचत होती. चांगले टपोरे मणी तसेच ठेवायचे आणि सुरकुतलेले, जांभळट-तपकिरी, वर राखाडी लव आलेले तेवढेच बादलीत टाकायचे. आमच्याकडे विरळणीला बाया बसतात तेव्हा असला मणी आधी काढून फेकतात. तिनं एक माझ्या हातावर ठेवला. बोटांना चिकटला. तोंडात टाकला तर आधी मध, मग जर्दाळू आणि शेवटी जीभ आखडेल असा आंबटपणा.

घडाचा फोटो दाजींना पाठवला. त्यांची बारा एकर बाग आहे. लगेच फोन आला, ‘असला माल आमच्याकडे व्यापारी फुकट नेणार नाही. गोऱ्यांनी सडका माल बाटलीत भरला आणि तुम्ही शिकलेले लोक भुललात.’ तेव्हापासून प्रत्येक लग्नाकार्यात हा विषय निघतो, म्हणून इथं सविस्तर लिहितो.

दाजी, अवकाळीनं मणी तडकून कुजतो ते वेगळं, हे वेगळं. बोद्रोग आणि तिसा या नद्या टोकायजवळ मिळतात. शरदात पहाटे नदीवरून धुकं चढतं, दुपारी ऊन आणि वारा. धुक्यात बोट्रायटिस बुरशी फुरमिंट या इथल्या द्राक्षाच्या सालीला बारीक छिद्रं पाडते, दुपारी त्यातून पाणी उडतं; साखर, आम्ल, वास आत आटतात. दुपार कोरडी गेली नाही तर तिथंही नुसती कूजच होते, म्हणून दरवर्षी चांगलं पीक येत नाही. हे मणी रसात किंवा वाइनमध्ये भिजवून पिळतात. पूर्वी 136 लिटरच्या पिंपाला किती टोपल्या मणी घातले, त्यावर वाइनचा दर्जा ठरे. आता ‘असू’ (या मण्यांच्या गोड वाइनचं नाव) म्हणवायला लिटरमागे किमान 120 ग्रॅम साखर लागते. एकेक मणी हातानं वेचायचा म्हटल्यावर किंमत चढणारच.

आणि हा आजकालचा मार्केटिंगचा खेळ नाही. ‘असू’चा उल्लेख 1571च्या कागदात आहे. (गाइड 1630च्या सुमाराच्या एका पाद्रीबुवांनी शोध लावल्याची गोष्ट सांगतील, ती ऐका आणि सोडून द्या.) कुठल्या गावांची वाइन टोकायची म्हणायची, हे 1737 साली राजाज्ञेनं ठरलं. फ्रान्समधल्या बोर्दोच्या वाइनची प्रसिद्ध प्रतवारी 1855ची.

मादमध्ये 1795चं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनागृह आहे, शेजारी रब्बींचं, त्यांच्या धर्मगुरूंचं घर. ते चुकवू नका. इथले ज्यू व्यापारी ही वाइन पोलंडपर्यंत नेत. 1944 साली इथल्या ज्यूंना ऑशविट्झच्या नाझी मृत्युछावणीत पाठवलं गेलं. इमारत दुरुस्त होऊन उभी आहे, प्रार्थनेला गावात माणसं उरली नाहीत. नंतरच्या साम्यवादी काळात सरकारी कारखान्यानं सगळ्या मळ्यांचा माल एकत्र ओतला, सोव्हिएत बाजारासाठी नग मोजले. 1990नंतर परदेशी पैसा आला आणि मादच्याच इश्तवान सेप्शींसारख्यांनी मळ्यागणिक वाइन करायला घेतली. तीनशे वर्षं कमावलेलं नाव चाळीस वर्षांत कसं घसरतं, ते नाशिकच्या वाइनवाल्यांनी तिथं जाऊन बघावं असं मला फार वाटतं.

गोड चालत नसेल तर कोरडी फुरमिंट मागा, उत्तम असते. सिनेगॉग उघडं आहे का, ते आधी विचारून घ्या. गाडी चालवणार असाल तर घोटभरही नको, हंगेरीत चालकाला मर्यादा शून्य आहे. आणि सोबत कोणी ‘सडकी, सडकी’ म्हणणारं असेल तर त्याला बाटलीआधी मळ्यात न्या. दाजींच्या विमानाचं तिकीट मी काढायला तयार आहे, त्यांनी फक्त ऑक्टोबरच्या छाटणीतून आठ दिवस काढावेत.